पिळलेल्या कानाचा रंग

माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याचा कान कोणीही पिळला नाही. तरी कान पिळतानाचा मोठा रंगीत फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला होता. माझा भाऊ हसतोय, नवरा कळवळतोय, मागे झेंडूच्या माळा. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय छान क्षण पकडलाय! मग मी चहाचं निमित्त करून आत निघून जायचे. तो क्षण कोणी पकडलेला नव्हता. मीच तो जोडला होता. बंगलोरमधल्या एका प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईच्या आधी चित्रं कॉम्प्युटरवर तयार करतात तिथे, माझी नोकरी होती आणि जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर घेऊन मी तो फोटो करत बसायचे.

लग्न नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे झालं. दादा त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेला गेला होता. कॉम्प्युटरना सन दोन हजार कळत नाही म्हणून जगभर तारांबळ उडाली होती आणि ती निस्तरायला बंगलोरातल्या आमच्या के. आर. पुरमच्या गल्लीतली बरीच पोरं तिकडे पोचली. दादा येणार हे इतकं गृहीत होतं की त्याच्यासाठी झब्बा शिवून तयार होता. लग्नाच्या आठवड्यातच त्याचा फोन आला. सुट्टी नाही मिळाली. आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी विचारलं, "मागितली होतीस का?"

"अगं, इथे तसं नसतं," तो म्हणाला.

तसं म्हणजे कसं, हे विचारायच्या आत फोन कट झाला. अप्पांनी, आमच्या वडिलांनी, तो शिवलेला झब्बा पोस्टाने दादाला पाठवून दिला. मला तेव्हापासून एकच गोष्ट हवी होती, आणि ती काही फार नव्हती. 'मी यायला हवं होतं', एवढं एक वाक्य दादाने म्हणावं. साधं, कोरडं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या एका वाक्यासाठी मी पुढे किती धुसफुसले ते माझं मला माहीत.

मांडवात गुरुजींनी 'वधूचा भाऊ' अशी हाक मारली तेव्हा माझा मामेभाऊ बाह्या सरसावून तयारच होता. मुलीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा आणि नवरदेवाने त्याला काहीतरी भेट देऊन आपला कान सोडवून घ्यायचा. अख्ख्या लग्नात मुलीकडच्यांना जरा वरचढ व्हायला मिळतं ते एवढंच. दादा लहानपणापासून मला सांगायचा की तुझ्या नवऱ्याचा कान असा पिळीन की तो आठवडाभर कानटोपी घालून हिंडेल. मामेभावाने हात पुढे केला आणि माझं डोकंच फिरलं.

"नको," मी म्हटलं. "दादाची जागा तशीच ठेवा."

नवरीने भर मांडवात असं बोलणं बरं दिसत नाही, हे मला सासूबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. गुरुजी पोथीत बघायला लागले. फोटोग्राफर इथलाच, कन्नड बोलणारा, तो कॅमेऱ्यामागून वैतागून म्हणाला, "यारू इल्वल्ला, मॅडम!" तिथे कोणी नाहीच आहे, फोटो कोणाचा काढू? "काढा म्हटलं ना," मी म्हटलं. तेव्हा माझ्या शेजारच्या पुणेरी माणसाने, ज्याच्याशी मी तोवर धड चार वाक्यं बोलले नव्हते, मान उजवीकडे तिरकी केली, डोळे घट्ट मिटले आणि कोणीतरी खरंच कान पिळत असल्यासारखा चेहरा केला. फ्लॅश पडला. मला तो माणूस त्या क्षणी आवडला. दादासाठी आणलेलं शर्टपीस त्याने खोक्यातच राहू दिलं आणि पुढे ते आमच्या कपाटात वरच्या फळीवर जाऊन बसलं.

लग्नानंतर मी बंगलोरमध्येच मारतहळ्ळीला राहायला गेले. बाहेरचा मोठा रस्ता तेव्हा नुसता खणून ठेवलेला होता, आणि कुठूनही आलं तरी चपलांना लाल माती. महिनाभरात दादाचा ईमेल आला. ऑफिसात ईमेलचा एकच कॉम्प्युटर होता, तिथे उभं राहूनच वाचावं लागायचं. त्याने रोमन लिपीत मराठी लिहिलं होतं. आई फोनवर रडते, तू तर हेच काम करतेस, कान पिळतानाच्या फोटोत मला बसव ना, म्हणजे आई खूश होईल. मामेभावाला काढ आणि मला घाल, सोपं आहे ना?

त्याला वाटत होतं तिथे मामेभाऊ आहे. मी खरं काय ते सांगितलं नाही. 'हो, पाठव तुझा फोटो' एवढंच लिहिलं आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले.

पहिला फोटो त्याने ऑफिसच्या डिजिटल कॅमेऱ्याने काढून ईमेलवरच पाठवला. आमच्याकडे तसला कॅमेरा कोणी पाहिलाही नव्हता, म्हणून आमचे विभागप्रमुख कौतुकाने खुर्ची ओढून बसले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे धारवाडकडचे, मराठी समजायचं आणि बोलायचेही, आपल्या पद्धतीने. मी तो फोटो लग्नाच्या फोटोशेजारी उघडला आणि आमचं कौतुक तिथेच विरलं. लग्नाचा फोटो मी छपाईच्या रिझोल्यूशनला स्कॅन केलेला, दर इंचाला तीनशे ठिपके. त्या मापाने दादा मांडवात उभा राहिला तर नवऱ्याच्या गुडघ्याला लागत होता. ताणून मोठा करावा तर कॉम्प्युटर मधले ठिपके स्वतःच्या मनाने भरतो, आणि जे मुळात टिपलेलंच नाही ते कुठून येणार? त्यात त्याने फाइल जेपेगमध्ये दाबून लहान केलेली. त्याच्या गालांवर फरशीसारखे चौकोन उठले होते.

"हा तुझा भाऊ की बाथरूमची टाइल?" अण्णा म्हणाले.

मी दादाला लिहिलं की साध्या कॅमेऱ्याने, रोलवर काढ आणि प्रिंट पोस्टाने पाठव. त्याने पाठवली. त्या प्रिंटमध्ये तो झकास झब्बा घालून उभा होता, हात पुढे, चिमूट आवळलेली, पण उलट्या बाजूला! पठ्ठ्याने आरशासमोर उभं राहून तालीम केली होती. आता चित्र आडवं फिरवणं, म्हणजे फ्लिप करणं, हे एका आज्ञेचं काम. मी फिरवलं, हात बरोबर नवऱ्याच्या कानाकडे आला, मी खूश. कच्ची प्रिंट काढून रविवारी आईला दाखवायला नेली. आईने चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"हा आपला नाही गं वाटत," ती म्हणाली.

मी फोटो तिच्या हातातून घेऊन पुन्हा पाहिला. मग माझ्या लक्षात आलं. भांग. दादाचा भांग जन्मापासून डावीकडे, आईनेच पाडलेला, आणि फोटोत तो उजवीकडे गेला होता. घड्याळही भलत्याच हातात. बाकी जगाला काही कळलं नसतं, पण ज्या बाईने त्या डोक्याला बारा वर्षं तेल लावलं तिला कळलंच. मी फोटो पिशवीत कोंबला आणि बसमध्ये पूर्ण वेळ उभी राहिले, बसायला जागा असूनही.

तिसऱ्या वेळी मी सूचना कडक दिल्या. आरशात बघू नकोस. खिडकी तुझ्या डाव्या हाताला असू दे. कॅमेऱ्याकडे बघून हसू नकोस, कानाकडे बघ. आणि चिमूट अशी घट्ट मिटू नकोस, मधे कान मावायला हवा, काहीतरी धर. त्याने काय धरावं? तिकडे पोळीसारखं काहीतरी पाकिटात मिळतं, त्याची घडी धरली. प्रिंट आली तेव्हा सगळा विभाग गोळा झाला. माझा भाऊ परदेशातल्या एका भाड्याच्या खोलीत, जरीचा झब्बा घालून, गंभीर चेहऱ्याने पोळीचा कान पिळत होता. मी हसता हसता रडायला लागले आणि स्वतःचाच राग आला म्हणून पुन्हा कामाला लागले.

लासोने, म्हणजे पडद्यावरच्या फासाने, त्याच्याभोवती रेघ ओढायची, हातात माउस म्हणजे साबणाची वडी. कडेला फेदर द्यायचा, म्हणजे ती कातरलेली दिसू नये इतकी मऊ करायची. जास्त दिला तर माणूस धुक्यातून आल्यासारखा, कमी दिला तर कात्रण चिकटवल्यासारखा. दादाला स्वतंत्र लेअरवर ठेवलं होतं. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा म्हणा. प्रत्येक काचेच्या नावापुढे एक बारका डोळा असायचा. डोळ्यावर क्लिक केलं की त्या काचेवरचं सगळं गायब, पुन्हा केलं की हजर. दादा आहे. दादा नाही. मी कामापेक्षा हाच चाळा जास्त करत बसायचे. त्याची ऑपेसिटी, म्हणजे गडदपणा, अर्धी केली की त्याच्या छातीतून झेंडूची माळ आरपार दिसायची. तसा तो मला सगळ्यात खरा वाटायचा.

त्याच्या खोलीतल्या उजेडाची निळसर झाक काढून मांडवातला फ्लॅशचा पिवळेपणा आणायला दिवसच्या दिवस गेले. त्याची सावली नव्हती; ती नवऱ्याच्या खांद्यावर मला पाडावी लागली. त्या काळी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये माघार एकदाच घेता यायची. एक अन-डू, बस. त्याच्या आधीचं चुकलेलं तसंच राहायचं. मी चिडून भराभर काहीतरी करायचे, मग एक पाऊल मागे, आणि त्याच्यामागचं पाऊल गेलेलं. लाइट गेली की यूपीएस ओरडायला लागायचा आणि सेव्ह होईतो माझा जीव टांगणीला.

दादाचे ईमेल मात्र दर आठवड्याला येत होते. 'झाला का?' सावली कशी केलीस? बोटं नीट बसली का? इतकं तो घरात असतानाही माझ्याशी बोलला नव्हता. प्रत्येक ईमेल उघडताना मला वाटायचं, आज तो ते वाक्य लिहील. ते कधीच आलं नाही. फोटो संपला की हे ईमेलही संपणार, हे मला आतून ठाऊक होतं, आणि म्हणून मी तो संपवत नव्हते. चित्र आठपट मोठं करून दादाच्या नखाच्या कडा घासत बसायचे, जिथे माणूस नसतोच, नुसते रंगीत चौकोन असतात.

शेवटी अण्णांनीच माझ्या हातातून माउस काढून घेतला. "साकु, तंगी," ते म्हणाले. पुरे आता, धाकट्या बहिणी. "स्वल्प सोड की त्याला. नख घासून घासून भाऊ यायचा आहे काय?"

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

राहता राहिला कान. नवऱ्याचा कान फोटोत जसा असतो तसाच होता, शांत, गव्हाळ. भावाची चिमूट त्यावर बसली तरी तो पिळलेला वाटेना. रंग बदलायला हवा होता. पण पिळलेल्या कानाचा रंग नेमका कसा? लाल, हे सगळेच सांगतात. मी कानाची संपूर्ण पाळी वेगळ्या लेअरवर घेतली, लाल वाढवला, जास्त झाला, कमी केला, शेवटी टोमॅटोच्या जवळपास कुठेतरी थांबले. मग थरांची ती फाइल झिप डिस्कवर, म्हणजे त्या काळच्या जाड फ्लॉपीवर, जपून ठेवली आणि तिच्या एका प्रतीतले सगळे लेअर दाबून एक केले. त्याला फ्लॅटन म्हणतात. त्यानंतर कोण कुठून आलं ते वेगळं काढता येत नाही.

आईने प्रिंट पाहिली आणि फोटोतल्या दादाच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. "आता कसं पूर्ण झालं," ती म्हणाली. अप्पांनी फोटो पाहिला, परत दिला आणि बागेला पाणी घालायला गेले. दादाला पोस्टाने पाठवलेली प्रत पोचली तेव्हा त्याचा ईमेल आला: 'सुपर! आता मी लग्नाला होतो' पुढे दोन उद्गारचिन्हं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या वाक्याची वाट बघत होते त्याची गरजच मी माझ्या हातांनी पुसून टाकली होती. त्यानंतर त्याचे ईमेल सणावारापुरते उरले.

पुढच्या वर्षी तो आला. सोबत एक मुलगी होती, नागपूरची, त्याच्याच ऑफिसातली. तिला आई-अप्पांना दाखवायचं होतं. रविवारी सगळे आमच्याकडे मारतहळ्ळीला जेवायला आले. ती हॉलमध्ये शिरली आणि थेट त्या फोटोपुढे उभी राहिली.

"हा तोच फोटो का जी?" तिने विचारलं. "हे सांगत असतात नेहमी."

"तोच," दादा म्हणाला. "असा पिळला ना, म्हटलं, बहिणीला त्रास दिलास तर बघ. भाऊजी ओरडलेच एकदम. सगळा मांडव हसला."

तो हे इतक्या सहज म्हणाला की मी वाढता वाढता थांबले. आई हसली. अप्पा पेपर उघडून बसले. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्या शहाण्या माणसाने उजव्या कानाला हात लावला आणि म्हणाला, "हो तर! अजून दुखतो हवा बदलली की."

सगळे हसले. तो तिला फसवत होता की त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं, हे मला कळत नव्हतं, आणि दोन्हींपैकी जास्त वाईट काय तेही कळत नव्हतं. आमटीचं भांडं खाली ठेवून मी आतल्या खोलीत गेले. नवऱ्याने सुटे भाग आणून घरी एक कॉम्प्युटर जोडला होता, तो चालू केला. काय करायचंय ते माझं मलाही माहीत नव्हतं. झिप डिस्क घातली. फाइल उघडायला नेहमीसारखा वेळ लागला आणि तेवढ्यात दादा दारात आला.

"काय झालं? चिडलीस?"

मी माउस धरला. त्याच्या लेअरच्या डोळ्यावर क्लिक केलं. तो गेला. सावलीच्या डोळ्यावर क्लिक केलं. सावली गेली. कानाचा लाल रंग गेला. राहिला एकटा नवरा, मान तिरकी केलेला, डोळे मिटलेला, आणि त्याच्या शेजारी झेंडूच्या माळांपुढे एक माणूस मावेल एवढी रिकामी जागा.

दादा खुर्चीच्या पाठीला धरून वाकला. "आणि तो? मामेभाऊ? त्याला पुसलंस ते परत नाही आणता येत?"

"कोणालाच पुसलं नाही. तिथे कोणी नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कान कोणी पिळलाच नाही. तो करणार होता, मीच नको म्हटलं. तुझी जागा ठेवली होती."

त्याने पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. बाहेर ताटवाट्यांचे आवाज येत होते, आई त्या मुलीला अजून एक पोळी घे म्हणून आग्रह करत होती. मग तो पडद्याकडे बघतच, अगदी हळू म्हणाला, "मी सुट्टी मागितलीच नव्हती गं. नवा होतो. मागितली आणि काढून टाकलं तर, असं वाटलं. मागितली असती तर मिळाली असती, हे नंतर कळलं." आणि शेवटी तो म्हणाला, "यायला हवं होतं मी."

ते वाक्य एवढ्या उशिरा आलं आणि तरी मला ते पुरलं, याचं मला आजही नवल वाटतं. मला त्याला काहीतरी खरमरीत सुनावायचं होतं, वर्षभर तयार करून ठेवलेलं. त्यातलं काही आठवेना. तो सरळ झाला, झटकन वळला आणि हॉलमध्ये गेला.

तिथून नवऱ्याचा आवाज आला. "आई गं! अहो, हे काय!"

मी धावत बाहेर आले. नवरा पाटावर, उजवा हात आमटीभाताने माखलेला, डोळे विस्फारलेले, आणि दादा त्याच्या उजवीकडे वाकून त्याचा कान मुठीत धरल्यासारखा पिळत होता, दात आवळून, कोणाकडेही न बघता. "माझ्या बहिणीला नीट सांभाळा," तो म्हणाला. अप्पांचा पेपर खाली आला. ती नागपूरची मुलगी एकदा फोटोकडे आणि एकदा या दोघांकडे बघत होती. कोणी कॅमेरा आणायला उठलं नाही, मीसुद्धा नाही.

"अहो, सोडा," नवरा डाव्या हाताने कपाटाकडे खुणा करत म्हणाला. "शर्टपीस आहे तुमचं. वरच्या फळीवर. केव्हाचं ठेवलंय!"

दादाने बोटं सोडली. मी अगदी जवळ उभी होते, म्हणून मला नीट दिसलं. बोटं होती तिथे कान पांढराफटक पडला होता. मग पांढऱ्याच्या कडेने लाली चढायला लागली, आधी पाळीवर, मग वर, मग सगळा कान. मी फोटोत तो सुरुवातीपासूनच लाल करून ठेवला होता. पिळलेला कान आधी पांढरा पडतो आणि पिळणाऱ्याने हात सोडल्यावरच लाल होतो, हे मला कसं माहीत असणार?